वज्रसेनाच्या राज्यात मेंढरं

वीस सारख्या त्रिकोणांनी बंद झालेली आकृती मी तोवर फक्त पुस्तकात पाहिली होती. प्रत्यक्ष हातात आली ती बदनापूरला, माझ्या चुलत्यांच्या, तात्यांच्या ओसरीवर. लाल प्लॅस्टिकचा फासा, बोराएवढा, प्रत्येक त्रिकोणावर एक आकडा. आत हवेचा बुडबुडा आहे का हे पाहायला मी तो उजेडाकडे धरला, तेवढ्यात संपतदादाने तो माझ्या बोटांतून काढून घेतला.

"फाशाला मास्तरशिवाय कुणी हात लावायचा न्हाई. पहिला नियम."

"पुस्तकात लिहिलंय का तसं?" मी विचारलं.

"पुस्तकालाबी हात लावायचा न्हाई. दुसरा नियम."

त्यामुळे पहिला नियम पुस्तकात आहे की नाही, हे तपासायची सोय उरली नाही.

संपतदादा माझा चुलत भाऊ. पुण्याला इंजिनिअरिंगला होता. दोन विषय राहिले म्हणून २००१च्या दिवाळीला घरी आला आणि घरीच राहिला. होस्टेलवर पराग नावाच्या मुलाने त्याला हा खेळ शिकवला होता. येताना त्याने परागचा एक फासा मागून आणला आणि परागच्या इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स काढून आणली. राहिलेल्या विषयांबद्दल घरात कुणी बोलत नसे. खेळाबद्दल तो स्वतःच एवढं बोलायचा की दुसरं काही बोलायला जागाही नसायची.

खेळ असा. एक जण मास्तर. तो एका काल्पनिक राज्याची गोष्ट सांगतो: समोर जंगल आहे, जंगलात गुहा आहे. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. मारलेली उडी पोचली का, केलेला वार लागला का, हे फासा ठरवतो. मोठा आकडा पडला की जमलं, लहान पडला की फसलं. त्यातून पुढे काय घडतं ते पुन्हा मास्तर सांगतो. म्हणजे गोष्ट निम्मी मास्तरची आणि निम्मी आपली. निदान पराग तसं समजत असावा.

संपतदादाचा हिशेब वेगळा होता. फासा त्याचा, पुस्तक त्याचं, ओसरी त्याच्या वडिलांची. मग गोष्ट दुसऱ्या कुणाची असायचं कारण काय?

खेळणारे आम्ही तिघं. मी, द्वारका: जालन्याच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली, आणि पुढे काय याला घरातून "बघू" एवढं उत्तर मिळालेली. दुसरा शेजारचा मच्छिंद्र. त्याचे वडील ग्रामपंचायतीत सदस्य होते, त्यामुळे चार माणसं एकत्र बसली की मच्छिंद्रला ती सभा वाटायची. तिसरा रायभान, संपतदादाचा शाळेतला जोडीदार. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता थोडी शेती झाली होती, रायभान स्वतः बारावी करून ट्रॅक्टर चालवत होता, पण त्याचे वडील आबाराव अजून कळप घेऊन वडीगोद्रीपर्यंत हिंडून यायचे.

पहिल्या रविवारी पात्रं ठरली. मच्छिंद्र चोर झाला. मी वाटाडी झाले, नाव नीरा. वाटाड्याचं काम वाट शोधणं, हे पुस्तकातच होतं. संपतदादाने वाचून दाखवलं. मग तो रायभानकडे वळला.

"तुला काय देऊ? तलवार का कुऱ्हाड?"

"मेंढरं दे," रायभान म्हणाला.

"आरं, लढाईचा खेळ हाय हा."

"असू दे ना. तलवारीला दूध न्हाई, लोकर न्हाई. नुसती वागवायची."

संपतदादा पोट धरून हसला. "घे! चाळीस मेंढरं. लिहून घे कागदावर."

"आन कुत्रं."

"कुत्रंबी घे. आणखी काय, खाट देऊ का?"

"खाट नको," रायभान म्हणाला आणि लिहून घेतलं. नियम असा होता की कागदावर जे लिहिलं ते त्या पात्राचं. हा नियम पुस्तकातला होता. संपतदादाला तो नंतर फार महागात पडला.

खेळाचा नकाशा संपतदादाने ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर स्वतः काढला होता, आणि सुंदर काढला होता. त्यात डोंगर होते, किल्ले होते, आणि तीन नद्या होत्या. तिन्ही नद्या डावीकडच्या डोंगरात उगम पावून उजवीकडे जायच्या आणि कागदाच्या कडेला संपायच्या. माझी नजर पहिल्या दिवशीच तिथे गेली. नदी उताराकडे जाते. तीन नद्या पूर्वेला जातात म्हणजे पूर्वेला उतार आहे, आणि उताराच्या शेवटी काहीतरी असणारच. समुद्र असेल, तळं असेल, निदान एखादी मोठी नदी.

"पूर्वेला काय आहे?" मी विचारलं.

"ते वेळ आल्यावर कळंल."

मला तेवढंच पाहायचं होतं. राक्षस मारण्यात मला रस नव्हता, खजिन्यातही फारसा नव्हता. तीन वर्षं मी सकाळच्या गाडीने जालन्याला जात होते. जालना आलं की उतरायचं, गाडी पुढे परभणी-नांदेडकडे जायची, आणि संध्याकाळी दुसऱ्या गाडीने मी मागे बदनापूरला. फलाटावर उभं राहून शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत पाहायची सवय मला तेव्हापासून लागली असावी. खेळात तरी उतरायची गरज नव्हती. नीरा वाटाडी होती. मी ठरवलं, नीरा पूर्वेला जाणार.

मी निघाले. पूल कोसळला.

पुढच्या रविवारी मी पुलाच्या खालून, उथळ पाण्यातून निघाले. पटकीची साथ पसरली आणि रस्ते बंद झाले. त्यानंतर मी दक्षिणेकडून वळसा घेतला तर दरड आली. मग शंका आली म्हणून मी मुद्दाम पश्चिमेला निघाले. पश्चिमेला काहीच झालं नाही. उन्हं छान होती, एका म्हातारीने ताक दिलं. उत्तरेलाही काही झालं नाही. पुन्हा पूर्वेला वळले तर लांडगे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. निष्कर्ष स्पष्ट होता: अडचण पुलात नव्हती, पटकीत नव्हती, लांडग्यांतही नव्हती. ती दिशेत होती.

मग मी नदीत होडी टाकली. नदी पूर्वेलाच वाहते, आता वल्ही मारायचीही गरज नाही.

संपतदादाने पुठ्ठ्यामागे फासा टाकला. हा पुठ्ठा कापसाच्या बियाण्याच्या जाहिरातीचा होता. त्याच्यावर एक हसरा शेतकरी बोंडं धरून उभा होता. तोंड आमच्याकडे. त्याच्या पाठीमागे काय चालतं ते त्याला दिसत नव्हतं आणि आम्हालाही. फासा घरंगळतानाच संपतदादा म्हणाला, "नदी उलटी वाहू लागते."

"फासा अजून थांबला न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

"मास्तरला आधीच कळतं."

"पाणी चढावर कसं जाईल?" मी विचारलं.

"जादूनं."

"मग उगमापाशी एवढं पाणी साचलं की पश्चिमेची गावं बुडाली असतील."

"द्वारके, लई प्रश्न विचारतीस. नीराची शिदोरी नदीत पडली. आज उपाशी."

आणि जिथे पूल, पटकी, दरड किंवा लांडगे पुरे पडत नव्हते तिथे वज्रसेन यायचा. सेनापती वज्रसेन हे संपतदादाचं स्वतःचं पात्र. मास्तरने पात्र घ्यायचं नसतं असं मला वाटायचं, पण पुस्तकाला हात लावायचा नव्हता. वज्रसेन सहा फुटांच्या वर होता, सगळ्या भाषा बोलायचा, कधी थकायचा नाही. आम्ही राक्षसाशी लढत असलो की तो कड्यावरून उडी मारून यायचा आणि एका घावात राक्षस मारायचा. आम्ही कोडं सोडवत असलो की तो उत्तर सांगायचा. घरात संपतदादा आमच्यासारखाच बोलायचा, पण वज्रसेन छापील मराठी बोलायचा.

"हे बालकांनो," वज्रसेन म्हणायचा, "तुमच्या धैर्याचे मला कौतुक वाटते. तथापि हे कार्य तुमच्या आवाक्याबाहेरचे आहे."

"मंग आमाला बोलावता कशाला दर आयतवारी?" रायभान हळूच विचारायचा.

खेळ सोडून का दिला नाही, असं कुणी विचारेल. सोडून कुठे जायचं? रविवारी दुपारी वीज नसायची म्हणून टीव्ही नाही. "कुठं निघालीस?" असं न विचारता मला जिथे जाऊ देत ते घर म्हणजे चुलत्याचंच. आणि अख्ख्या बदनापुरात वीस बाजूंचा फासा एकच होता. वाईट मास्तर आणि मास्तरच नसणं यातून निवडायचं होतं. आमच्या सगळ्यांचा याबाबतीतला अनुभव असा की माणसं पहिलंच निवडतात आणि बाहेर आल्यावर शिव्या देतात.

शिव्या देऊन भागेना तेव्हा मार्चमध्ये मच्छिंद्रने अविश्वास ठराव आणला. उभा राहून, हात मागे बांधून.

"सूचक मी, मच्छिंद्र. अनुमोदक रायभान. सदर मास्तरांनी खेळाडूंना विश्वासात न घेता कारभार केला, वज्रसेन नावाचा नातलग कामावर लावला, पूर्वेकडील सदस्याच्या कामात वारंवार अडथळा आणला. सबब या सभेचा त्यांच्यावर विश्वास राहिला नाही. हात वर करा."

आम्ही तिघांनी हात वर केले. स्वयंपाकघराच्या दारातून नंदाकाकूंनीही केला.

"आये, तू खेळात न्हाईस," संपतदादा म्हणाला.

"चहा चार वेळा मीच करते," काकू म्हणाल्या.

संपतदादा जराही डगमगला नाही. "सभेची नोटीस आठ दिवस आधी दिल्ती का? न्हाई. मंग ठराव बेकायदा. आन बंड केल्याबद्दल वज्रसेन तुमच्या तिघांनाबी अटक करून राह्यला. अंधारकोठडी. टाका फासा... नको, मीच टाकतो."

आमचे दोन रविवार कोठडीत गेले. तिथून आम्हाला वज्रसेनानेच सोडवलं आणि वर क्षमेवर भाषण केलं.

मग मे महिना आला. त्या दिवशी दुपारी पंखा बंद होता. तात्या, म्हणजे संपतदादाचे वडील रामराव, ओसरीच्या टोकाला खाटेवर उताणे पडले होते आणि तोंडावर टॉवेल होता. ते झोपलेत असं आम्ही धरून चालायचो. वास्तविक तात्यांना त्या महिन्यात झोप नव्हती. शेत नांगरून पडलं होतं, मृग जवळ आला होता, आणि आबारावांचा कळप अजून आला नव्हता. दरवर्षी पेरणीआधी आबारावांची मेंढरं तात्यांच्या रानात चार-पाच रात्री बसायची. मेंढरं बसली की लेंड्या आणि मूत जमिनीत जातं. त्या रानाचं पीक शेजाऱ्याला बांधावरून ओळखू येतं. बदल्यात तात्या ज्वारी द्यायचे आणि बांधावरचा पाला तोडू द्यायचे. पण आबारावांना बोलावणारे तात्या एकटे नव्हते. भोकरदनपासून वडीगोद्रीपर्यंत सगळे बोलवत होते. तात्यांनी दोनदा निरोप धाडला होता.

मी नकाशावर बोट ठेवलं. "नीरा पूर्वेला जाते."

संपतदादा याच्यासाठी तयार होऊन बसला होता. पुठ्ठा सरळ करून तो म्हणाला, "पूर्व सीमेवर राजाच्या रयतेची शेतं हायत. शेताला काटेरी कुंपण. प्राचीन शापामुळं तिथली जमीन हलकी, धड पिकत न्हाई. आन प्रत्येक शेतकऱ्याला वज्रसेनाचा हुकूम हाय: कुणाला वाट द्यायची न्हाई. वाट फक्त शेतातून. दुसरीकडं दलदल, कडे, अजगर. झालं. आता कुठल्या दिशेला जाता?"

त्याने सगळं बंद केलं होतं. मी कागदावर पाहात राहिले. लढून जाता येणार नाही, वज्रसेन येईल. लपून जाता येणार नाही, फासा पुठ्ठ्यामागे आहे. मला त्या क्षणी खरंच वाटलं की ही कागदाची कड मला कधी ओलांडता येणार नाही. एका कागदासाठी एवढं वाईट वाटावं याचं मला आश्चर्यही वाटलं.

"जमीन हलकी म्हणलास?" रायभानने विचारलं.

"शाप हाय तिला."

"पहिल्या शेताच्या मालकाला म्या हाक मारतो." रायभान पुढे सरकून बसला. "रामराम पाटील! चाळीस मेंढरं हायत. दोन रात्री बसवू का रानात? ज्वारी नको, काही नको. सकाळी पलीकडच्या अंगानं बाहेर निघू द्या, बस."

संपतदादाने फासाही टाकला नाही. "शेतकरी नाही म्हणतो."

ओसरीच्या टोकाला टॉवेल हलला.

"नाही म्हणतो?" रायभान म्हणाला. "फुकट?"

"हुकूम हाय त्याला."

"बरं." रायभानने आवाज अजिबात वाढवला नाही. "तात्या, जागे हायत का? तुमच्या संपतला मेंढरं रानात नको दिसून राह्यलीत. घरी सांगतो तसं."

तात्या एवढ्या जोरात उठून बसले की खाट सरकली.

"कोण नको म्हणलं? ए संपत! काय बोलून राह्यलास तू?"

"तात्या, खेळातलं हाय."

"कशातलंबी असू दे! मृग तोंडावर आला, जमीन हलकी, माणूस दारात येऊन म्हणतो फुकट मेंढरं बसवतो, आन तुझा शेतकरी नाही म्हणतो? कुठल्या गावचा हाय तो?"

"सेनापतीचा हुकूम हाय, तात्या."

"सेनापतीला शेती हाय का?"

संपतदादा पुठ्ठ्यामागे सरकला.

"न्हाई ना? मंग त्याला काय कळतंय. हो म्हण."

"तात्या, मास्तर मी हाय."

"तू मास्तर, म्या तुझा बाप. आन खत खत हाय. हो म्हण!"

पराग, त्याचं पुस्तक आणि होस्टेल यांचा अधिकार जिथे संपतो तिथे तात्यांचा सुरू व्हायचा. संपतदादाचे कान लाल झाले होते. "शेतकरी... हो म्हणतो," तो म्हणाला.

"आन चहा विचारतो," तात्यांनी दुरुस्ती केली आणि खाट ओढून आमच्या जवळ आणली.

आम्ही दोन रात्री पहिल्या शेतात बसलो आणि सकाळी पूर्वेच्या अंगाने बाहेर पडलो. दुसऱ्या शेताचा मालक स्वतःच बांधावर उभा होता, कारण रायभानने विचारलं, "शेजाऱ्याच्या रानात मेंढरं बसलेली दिसल्यावर ह्यो माणूस झोपंल का?" आणि तात्या म्हणाले, "बिलकुल झोपणार न्हाई, म्या झोपलो का?" तिसऱ्या आणि चौथ्या शेतात तर आधी कुणाकडे यावरून भांडण लागलं. मच्छिंद्रने ते मिटवलं. नकाशावर माझं बोट कडेच्या दिशेने सरकत होतं. शिवणीतून दोरा सरकावा तसं, एकेक बांध.

संपतदादाने शेवटचा उपाय काढला. "आभाळ काळं पडतं. ड्रॅगन येतो!"

"ते काय असतं?" तात्यांनी विचारलं.

"उडणारा अजगर. तोंडातून जाळ. त्यानं पाच मेंढरं खाल्ली!"

"कुत्रं भुंकलं न्हाई?" रायभानने विचारलं. "कुत्रं कागदावर हाय."

"भुंकलं. तरी खाल्ली."

"मंग पंचनामा करा," मच्छिंद्र उभाच राहिला. "वन्य प्राण्यानं जनावर मारलं. भरपाई भेटते. तलाठ्याला बोलवा."

"राज्यात तलाठी नसतो रे!"

"मंग शेतसारा कोण गोळा करतं?" तात्या म्हणाले. "तुझा वज्रसेन?"

संपतदादा उत्तर द्यायला गेला आणि थांबला. सारा कोण गोळा करतं, हे त्याने खरंच ठरवलं नव्हतं. मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले, हनुवटी वर गेली, त्याने दातात नसलेली काडी फिरवली आणि आमच्याकडे न बघता नाकातून बोलायला लागला.

"ड्रॅगननं खाल्लं म्हणता. बघणारं कोण होतं?"

"आमी सगळे," रायभान म्हणाला.

"तुमी अर्जदार. साक्षीदार अर्जदार नको. मेंढराचं मुंडकं शिल्लक हाय का?"

"सगळंच खाल्लं ना."

"मंग मेंढरू होतं याला पुरावा काय?" संपतदादाने कानामागून नसलेला पेन काढला. "बरं. ड्रॅगन तुमच्या गटात उतरला का शेजारच्या?"

"उडत होता," मी म्हणाले.

"हवेतली हद्द आमच्याकडं न्हाई, बाई. वरच्या हापिसात जा. आन जल्दी जा, मला लग्नाला जायचंय."

तात्या खाटेवर आडवे झाले, हसून हसून त्यांना ठसका लागला. काकू पाणी घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या. मच्छिंद्र तलाठ्याशी खराखुरा भांडला, तलाठ्याने त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं, दुसऱ्या दिवशी तो नव्हता. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदाच समोर माणूस दिसत होता. काडी चघळणारा, पायातली चप्पल अर्धी काढून बसलेला. वज्रसेन मला कधी दिसला नव्हता, नुसता ऐकू यायचा. संपतदादाला हे जमत होतं. मग इतके दिवस तो काय करत होता?

भरपाई मिळाली नाही. ड्रॅगन मात्र निघून गेला, कारण त्या गोंधळात संपतदादा त्याला विसरला. आम्ही शेवटच्या शेतात होतो. माझं बोट कागदाच्या कडेपासून नखाएवढं लांब होतं.

"नीरा शेवटचं कुंपण उघडते."

संपतदादाचा चेहरा बदलला. तलाठी गेला. "थांबा!" वज्रसेन गरजला. "या सीमेपलीकडे मर्त्य मानवाने पाऊल ठेवू नये!"

"सेनापती, जरा बाजूला व्हा," रायभान म्हणाला. "मेंढरू बुजतंय."

"मी तुम्हाला जाऊ देणार नाही!"

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? हुकूम हाय."

"कुणाचा?"

"माझा!"

"पण का, संपतदादा? पलीकडे काय आहे?"

"काही न्हाई पलीकडं!" पुठ्ठा पडला. हसरा शेतकरी पालथा झाला आणि त्याच्या मागे फासा होता, पाण्याचा तांब्या होता आणि झेरॉक्सची पानं होती. "काही न्हाई, कळलं का? पुस्तकाचा पहिलाच भाग हाय माझ्याकडं. दुसरा परागनं दुसऱ्याला दिल्ता. राज्य इथं संपतं. पुढं काय हाय मला म्हाईत न्हाई. तू पहिल्या दिवसापासून पूर्वेला, पूर्वेला! काय सांगू मी? काय दाखवू तुला?"

मच्छिंद्रच्या तोंडात बराच मोठा ठराव तयार झालेला मला दिसला. पण त्याने तो गिळला.

पूल, पटकी, दरड, लांडगे, उलटी वाहणारी नदी. मी मनात सगळं पुन्हा मांडलं. अडचण दिशेत होती हे माझं बरोबर होतं, पण कारण चुकलं होतं. मला वाटलं होतं तो काहीतरी लपवतो आहे. त्याच्याकडे लपवायला काहीच नव्हतं.

मला राग यायला हवा होता. पण माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं.

"म्हणजे तिथं काय आहे ते कुणालाच माहीत नाही?" मी विचारलं. "परागलाही नाही, तुलाही नाही?"

"न्हाई म्हणलं ना."

"मग तर जायलाच पाहिजे. नीरा कुंपण ओलांडते."

"द्वारके, काही न्हाई तिकडं."

"तू पाहिलंस का?"

संपतदादाने पुठ्ठा उचलला, पुन्हा उभा करायला गेला, आणि मग भिंतीला टेकवून ठेवला. फासा हातात घेतला. तो आम्हाला दिसेल असा त्याने कधी टाकला नव्हता, आत्ता टाकला. फासा चटईवरून फरशीवर गेला, तात्यांच्या खाटेच्या पायाला लागला आणि थांबला. आम्ही सगळे वाकलो. तीन.

"तीन," संपतदादा म्हणाला. हे त्याने फासा थांबल्यानंतर सांगितलं. "म्हणजे... लई मोठं काही न्हाई."

"चालेल."

"मेंढरं हाका आधी," तात्या म्हणाले. "उन्हात उभी हायत बिचारी."

"पाच गेली, पस्तीस राह्यली," रायभान म्हणाला. "एक मागं लंगडतंय. सेनापती रिकामेच उभे हायत ना? त्यांना म्हणावं ते घ्या खांद्यावर."

आम्ही संपतदादाकडे पाहिलं. वज्रसेन सगळ्या भाषा बोलणारा, एका घावात राक्षस मारणारा. संपतदादा खांदा चोळायला लागला.

"घेतो," तो शेवटी म्हणाला. "वज्रसेन घेतो. जड हाय पण."

"पहिल्यांदा जडच लागतंय," रायभान म्हणाला. "मंग सवय होती."

मी बोट कागदाच्या कडेवरून पुढे नेलं. खाली चटई होती. उन्हाने तापलेली, एका ठिकाणी उसवलेली.

"काय दिसतं?" मी विचारलं.

संपतदादाने डोळे मिटले. त्याने बराच प्रयत्न केला. कपाळावर घाम आला होता. मग डोळे उघडून त्याने मला असा प्रश्न विचारला जो त्याने आजवर कुणालाच विचारला नव्हता.

"द्वारके, वाटाडी तू हायस. तुला काय दिसून राह्यलंय?"

इतके महिने मी याच जागेची वाट पाहिली होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मलाही काही दिसत नव्हतं. समुद्र म्हणावा तर मी समुद्र पाहिलेला नव्हता. तळं म्हणावं तर कोणतं? पांढऱ्या कागदासमोर मास्तर होऊन बसणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. फार काही सुखाचं नव्हतं. वज्रसेनाला हाक मारायचा मोह मलाही झाला.

"बोल की पोरी," तात्या म्हणाले.

नद्या तीन होत्या. उतार होता. उतारावर पाणी जिरत असणार, आणि पाणी जिरतं तिथे झाड असतं. आमच्या दुधनेच्या काठाला असतं तसं.

"बाभळी," मी म्हणाले. "नदीच्या दोन्ही अंगांना, लांबपर्यंत. शेंगा आल्यात. खाली सडा पडलाय शेंगांचा."

संपतदादाने पेन्सिल उचलली, कागदाच्या कडेच्या बाहेर चटईवरच वाकला, मग भानावर आला आणि आतून कोरा कागद आणायला धावत गेला.

रायभानने मात्र मागे टेकून पाय पसरले.

"झालं मंग," तो म्हणाला. "शेंगा हायत म्हणल्यावर मेंढरं काही आता हालत न्हाईत. चार दिवस मुक्काम इथंच."

"पण मला पुढे जायचंय!" मी म्हणाले.

"मेंढराला सांग," रायभान म्हणाला.